आधी उभी घडी

"आधी उभी घडी, मग आडवी," असं म्हणत ती बाईच्या मनगटात बांगडी चढवायची आणि कुंकवाचं बोट उमटवलेला कागद दुमडून दाखवायची. कर्जतकडच्या गावांत दारोदार फिरणाऱ्या कासारणी तुम्हीही पाहिल्या असतील. पण मतपत्रिकेची घडी शिकवणारी मामी ही एकच.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मामीचा नवरा चार मतांनी पडला. त्याची सात मतं बाद झाली होती. लोकांनी कागद आडवा दुमडला, त्यामुळे शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या चिन्हावरही उमटली. दोन ठसे, म्हणून बाद, असं मतमोजणीवरचे साहेब म्हणाले. ते कागद बाजूला ठेवणारा हात माझा होता. हरकत घ्यायची असते, हे तिच्या नवऱ्याला ठाऊकच नव्हतं.

निवडून आलेल्या बागायतदाराची मिरवणूक मुद्दाम तिच्या दारात थांबली. नवऱ्याला ओढून नाचवलं. वाळत घातलेल्या कुरडयांवर गुलाल ओतला. नवऱ्यानं त्यानंतर महिनाभर उंबरा ओलांडला नाही.

ती कचेरीत आली आणि नियम काय आहे ते वाचून दाखवा म्हणाली. मी वाचलं: ठसा घडीमुळे उमटला असेल आणि मूळ शिक्का ओळखू येत असेल, तर मत बाद करू नये. तिला अक्षर येत नव्हतं. चार वेळा तिनं वाचायला लावलं. पाचव्यांदा तिनंच म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता.

"म्हंजे सातबी मतं जित्ती हुती, भाऊसाहेब."

मी नियमांचं पुस्तक मिटलं.

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या निवडणुकीत त्याच बागायतदाराविरुद्ध ती स्वतः उभी राहिली. बांगड्या भरता भरता तिनं आपल्या मतदारांना घडी शिकवली होती, त्यामुळे तिचे कागद स्वच्छ निघाले. त्याचे पाच मात्र डागाळलेले. नव्या साहेबांना घाई होती, त्यांनी ते बाद केले. त्याचा प्रतिनिधी तंबाखू मळत बसला होता. मी मामीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. नियम मनात म्हणत होती. आवाज काही फुटला नाही. मीही गप्प बसलो.

ती तीन मतांनी निवडून आली. निकालावर सही झाल्यावर ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुमची पाच मतं धरता आली असती, दादा. मला नियम पाठ हाय."

तो साहेबांकडे धावला. हरकत आधीच घ्यायला हवी होती, असं साहेबांनी सांगितलं. मामी तेव्हा पोटभर हसली. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

पुढे एकदा मी विचारलं, की त्या निकालाचं कधी मनाला लागतं का?

"त्या पाच जनांचं वाईट वाटतं," ती म्हणाली. "त्याचं न्हाई."

ती गेल्याचं मला बदलीच्या गावी, भिंगारला कळलं. दहाव्याला मी गेलो. सगळे नदीकाठी बसलेले असताना बागायतदार आला. म्हातारा झाला होता. वहाणा काढून तो पुढे येऊ लागला. मामीचा नवरा बसल्या जागेवरूनच म्हणाला, "तुमाला येऊ देऊ नगं, आसं सांगून गेलीया ती."

तो वहाणा हातात घेऊन तापल्या वाळूतून तसाच अनवाणी परत गेला. त्याला कोणीही हाक मारली नाही. मीसुद्धा नाही.