मासुएच्या न्हाणीतला सिनेमांचा फड

कुरोकी मासुए दर बुधवारी दुपारी सिनेमाला जायची, कारण बुधवारी तिची सार्वजनिक न्हाणी बंद. बाकीचे सहा दिवस ती बायकांचं दार आणि पुरुषांचं दार यांच्या मधोमध उंच चौकीवर बसायची, साबण द्यायची, पंचे द्यायची आणि दोन्ही बाजूंची भांडणं ऐकायची. बाई एकाहत्तर वर्षांची, पण मनगट असं की भट्टीचं झाकण अजून एका हाताने उचलते. आमच्या बंदरात ज्याच्या घरी नळ गरम पाणी देतो तोसुद्धा तिच्याकडेच अंघोळीला येतो. घरच्या पाण्यात गप्पा कुठल्या?

सिनेमा तिला फुकट होता. गावातल्या एकुलत्या थेटराचा मालक ओकुमुरा तेइझो न्हाणीच्या भिंतीवर नवी पोस्टरं लावून जायचा आणि मोबदल्यात दोन तिकिटं ठेवायचा. हा रिवाज तिच्या सासऱ्यापासूनचा. नवरा होता तोवर दोघं जायची. तो गेल्यावर दुसऱ्या खुर्चीवर ती छत्री ठेवायला लागली. छत्री निदान मधेच खोकत नाही, असं तिचं म्हणणं.

पण फुकट बघितलं म्हणून भिडेने बोलायचं, हे तिला जमत नसे. वर्ष संपत आलं की ती एक भलामोठा कागद अंथरायची, शाई खलायची आणि वर्षभराचे सिनेमे लावायची. कसे, तर कुस्तीचे पैलवान लावतात तसे. मधे उभी रेघ, पैलवानांच्या कागदावर जिथे पंचांची नावं असतात ती. पूर्वेला आपले सिनेमे, पश्चिमेला परदेशी. सगळ्यात वर योकोझुना, म्हणजे अजिंक्य मल्ल, मनगटाएवढ्या जाड अक्षरात. त्याच्याखाली ओझेकी, म्हणजे दुसऱ्या मानाचा मल्ल, जरा बारीक, आणि असं उतरत उतरत तळाची नावं मुंगीच्या पायाएवढी. ती वाचायला कागदाशेजारी भिंग टांगलेलं असे. प्रत्येक नावाखाली एक ओळ, तिची स्वतःची. 'खुनी पहिल्या पाच मिनिटांत कळतो, पण त्याच्या बायकोसाठी शेवटपर्यंत बसावं.' 'नायक दोन तास पळतो. कुठे, ते त्यालाही ठाऊक नाही.' 'राक्षस मोठा, गोष्ट टीचभर.' असे दोन कागद निघायचे, एक पुरुषांकडे, एक बायकांकडे. एकतीस वर्षं हा नेम चुकला नव्हता आणि एकतीस वर्षांत कागदावर कुणाची मर्जी राखलेली नव्हती. ओकुमुरा स्वतः म्हणायचा, की नवा सिनेमा चालेल का पडेल ते मला तिकिटांवरून नाही कळत, मासुएच्या चेहऱ्यावरून कळतं.

त्या वर्षी सव्वीस डिसेंबरला दुपारी साडेतीनला दार उघडलं आणि कागद झळकला. पंधरा मिनिटांत गोंदा आला. मासळी लिलावात ओरडून ओरडून त्याचा आवाज फाटलेला. कमरेला पंचा, हातात बादली, आणि तिथूनच त्याने बोंब ठोकली.

"मावशी, ह्ये काय! माजा राक्षस चौथ्या रांगंत?"

"तुजा कवापास्नं झाला त्यो?"

"तीनदा बघितलाय म्या!"

"पयल्यांदा गोष्ट घावली न्हाई, म्हनून दुसऱ्यांदा गेलास. दुसऱ्यांदा बी घावली न्हाई, म्हनून तिसऱ्यांदा."

भिंतीपलीकडे बायकांकडे हशा पिकला. मधली भिंत छतापर्यंत जात नाही, वरून वाफही जाते आणि बोलणंही. सलूनवाली साएकी पलीकडून ओरडली, "आन् मेंढ्यांचा पिच्चर पश्चिमेचा योकोझुना कसा गं? त्यात कुनी बोलतच न्हाई!"

"म्हनूनच वर घातलाय. दिसभर तुमाला ऐकल्यावर मला येवढं तरी सुख नको?"

या गोंधळात एक माणूस कागदासमोर गप्प उभा होता. हिरानुमा इसामु, लाकडी बादल्या आणि पिंपं बांधणारा. चाळीस वर्षं न्हाणीत पहिलं पाणी त्याचं. साडेतीनला दार उघडायचं आणि इसामुने आत यायचं, हे घड्याळ लावण्याइतकं ठरलेलं. पण कागद त्याने आजवर कधी वाचला नव्हता. त्या दिवशी तो भिंग हातात घेऊन पूर्वेची बाजू वरून खाली वाचत गेला, मग खालून वर. मग चुकून तिकडे गेलं असेल म्हणून पश्चिमसुद्धा. शेवटी भिंग जागेवर टांगलं आणि अंघोळ न करताच निघून गेला.

मासुएला कारण माहीत होतं. नोव्हेंबरात आठवडाभर थेटरात एक सिनेमा लागला होता, 'पिंपाचं बूड'. तो इसामुच्या लेकीने, चिनात्सुने केलेला. पोरगी वीस वर्षांपूर्वी तोक्योला गेली, दुसऱ्यांच्या सिनेमांवर राबली, आणि चाळिशीत पहिला स्वतःचा सिनेमा उभा केला. त्यात तिच्या बापाचीच कर्मशाळा होती आणि बापच काम करताना होता. मासुए बुधवारी गेली होती. आणि तो सिनेमा कागदावर नव्हता. योकोझुना नाही, मधे नाही, तळाच्या मुंगीच्या पायांतही नाही.

दुसऱ्या दिवशी इसामु आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. साडेतीनला पाणी आरशासारखं निवांत पडून असायचं आणि मासुए चौकीवरून दाराकडे बघत बसायची. अठ्ठावीसला ओकुमुरा नव्या वर्षाची पोस्टरं घेऊन आला.

"लई वंगाळ वाटून घेतलंय त्येनं," तो म्हणाला. "तुला ठावं हाय का, सात दिस पिच्चर व्हता, सातही दिस त्यो आला व्हता. शेवटल्या रांगेत, तोंडाला फडकं बांधून. जनू मी वळखत न्हाई."

मासुए पोस्टरांची सुरळी उलगडत राहिली.

"मधल्या रेघेवर घाल की. पंचाच्या जागी. आपल्या गावचा पिच्चर, मानाचा म्हनून. कुनाच्या वर न्हाई, कुनाच्या खाली न्हाई."

"पंच कुस्ती खेळत न्हाई, तेइझो. पोरगी खेळायला आली व्हती."

"मग तळाला घाल, पर घाल!"

"मला घालता येत न्हाई," ती एवढंच म्हणाली आणि टाचण्यांची डबी त्याच्या हातात दिली.

एकोणतीसला सकाळी ती इसामुच्या कर्मशाळेत गेली. तो बादलीवर बांबूचं कडं ठोकून बसवत होता. बस म्हणाला नाही. ती देवदाराच्या ढलप्यांच्या ढिगावर बसली.

"पयलं पानी तसंच पडतंय," ती म्हणाली.

"गोंदाला उतरव."

"गोंदा उतरला की पानी मासळीचं व्हतंय."

इसामु हसला नाही. त्याने दोन ठोके घातले, मग हातोडी खाली ठेवली. "येवढा वंगाळ हाय का गं? तळाला तरी घालायचास. भिंग लावून लावून डोळं दुखलं माजं. 'भुतांची शाळा' हाय कागदावर. भुतांची शाळा हाय, आन् माजी पोरगी न्हाई."

"चांगला हाय रे पिच्चर," मासुए म्हणून गेली. तोंडातून निसटलं, आणि निसटल्याबरोबर तिला जिभेवर राख पडल्यासारखं झालं.

"मग कागदावर का न्हाई?"

आता पळायला वाट नव्हती. तिने गुडघ्यावरचा भुसा झटकला.

"झोपले मी."

"आँ?"

"झोप लागली. तू कड्यासाठी बांबूच्या पट्ट्या तासत व्हतास. येक चोयटी काडलीस. दुसरी काडलीस. तिसरी कुनी काडली मला म्हाईत न्हाई. जागी झाले तवा दिवं लागलं व्हतं आन् तेइझो झाडू मारत व्हता. न बघितलेला पैलवान मी कुठं उभा करू?"

इसामु तिच्याकडे वळला. "मेंढ्यांच्या पिच्चरला झोपली न्हाईस. त्यात कुनी बोलत न्हाई. आन् माज्यावर झोपलीस."

"व्हय."

त्याने अर्धवट बांधलेली बादली हातात घेऊन फिरवली. मग म्हणाला, "परवा येतीया ती. दारात पाय ठेवायच्या आदी इचारंल, आबा, पिच्चर कसा वाटला. म्या काय सांगू? सातदा गेलो. मला पिच्चर दिसतच न्हाई. माजंच हात दिसत्यात. फळी बसली का न्हाई, कडं आवळलं का न्हाई, येवढंच बगत बसतो. मला वाटलं तुजा कागद लागंल. ओझेकी म्हनलीस तर ओझेकी सांगीन, तळाला म्हनलीस तर तळाला. कायतरी सांगाया तर घावंल."

"तुला जे वाटलं त्ये सांग."

"मी बादलीवाला. मला काय वाटायचं?"

मासुए न्हाणीत परतली. दोन्ही कागद खाली उतरवले, शाई खलली, आणि तळाच्या मुंगीच्या पायांखाली, समासात, योकोझुनाच्या जाडीचं अक्षर काढलं: 'पिंपाचं बूड. कुरोकी मासुए हिला झोप लागली, म्हणून जागा नाही.'

संध्याकाळपर्यंत बंदरभर झालं. गोंदाने तर उत्सवच मांडला. "मावशी, झोपंला योकोझुनाचं अक्षर! म्हंजे माज्या राक्षसाला बी तू डुलकी काडली असशील!" सलूनवालीने मागच्या दहा वर्षांचे कागद पुन्हा तपासायला हवेत असं जाहीर केलं. ज्यांचा आवडता सिनेमा कधीतरी खाली घातला गेला होता, तो प्रत्येक जण येऊन चौकीपाशी थांबला. मासुए सगळ्यांना पंचे देत राहिली. नाकारायचं काय? खरंच झोपली होती.

एकतीसला साडेतीनला दार उघडलं आणि इसामु आत आला. त्याच्यामागून बायकांच्या दाराने चिनात्सु. केस कापून पुरुषासारखे केलेले, डोळ्यांखाली काळं. तिने चौकीपाशी वाकून नमस्कार केला, चपला ठेवल्या, आणि कपडे उतरवण्याआधी कागदासमोर गेली. वरून वाचायला लागली. समासापर्यंत आली आणि थांबली. मासुएने बापाकडे पाहिलं. तो पुरुषांच्या बाजूला घाईघाईने पाण्यात उतरत होता. घरी त्याने अजून विषय निघू दिलेला नाही, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

चिनात्सु अंग धुऊन पाण्यात उतरली, आणि मग तिथूनच विचारलं, "मावशी, कुठं झोपलीस?"

"बादलीपाशी. दुसऱ्या चोयटीला."

"म्हंजे निम्म्यात बी न्हाई पोचलीस."

"न्हाई."

"दमली व्हतीस का?"

"भट्टीची राख काडली व्हती. पर खोटं कशाला बोलू, राख तर मी रोजच काडते."

दोन्ही बाजूंची तांब्या-बादल्यांची खडखड थांबली. साएकीच्या डोक्याला साबण तसाच राहिला. पुरुषांकडे गोंदा हनुवटीपर्यंत पाण्यात, कान तेवढे बाहेर. चिनात्सुने भिंतीकडे तोंड केलं.

"आबा! तुमी झोपला व्हता का?"

"न्हाई."

"मग कसा वाटला?"

चौकीवरून मासुएला दोन्ही बाजू दिसत होत्या. इसामु डोक्यावरचा पंचा दोन्ही हातांनी दाबून बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. तिने एक शब्द टाकला असता तर त्याने झेलला असता. मासुएने मान खाली घातली आणि साबणाच्या वड्या रचायला लागली.

"बादली बांधतो ती जागा," इसामु म्हणाला. "बादलीची जागा लई लांब हाय."

पलीकडे चिनात्सु भिंतीजवळ सरकली.

"किती लांब?"

"येवढ्या येळात म्या दोन बादल्या बांधीन."

"आबा, येका बादलीला तुमाला जेवढा येळ लागला तेवढीच हाय ती. घड्याळ लावून घेतलीया!"

"मग घड्याळ चुकलंय!"

गोंदाला हसू आवरेना, त्याने डोकं पाण्यात बुडवलं. चिनात्सु मात्र सोडणारी नव्हती. "आन्?"

"आन् काय?"

"आनखी काय वाटलं?"

इसामुने पंचा डोक्यावरून काढला आणि पिळला. "आईचा चौरंग दावलास. त्येच्यावर कडं वळाया बसायची ती. तिथं लवकर आटपलंस. माज्या हातापाशी कशाला थांबायचं? हात हायेत, उद्या बी असतील. तिथं थांबायचं व्हतं."

"लांब घेतला व्हता," भिंतीवरून चिनात्सुचा आवाज आला. "मग कापला."

"का?"

"तुमी रागवाल म्हनून."

"सातदा गेलो. सातही येळा म्या चौरंगाची वाट बगितली, आन् सातही येळा डोळा पुसस्तवर संपला. कोन रागावलंय?"

गोंदा पाण्याबाहेर आला होता. "मग कितव्या नंबराला घालायचा, इसामु-सान?"

"त्ये तिला इचार," इसामुने चौकीकडे बोट केलं. "मी बादलीवाला."

"मी झोपलेली बाई. मला इचारू नगा," मासुए म्हणाली.

बायकांकडे आता साएकीला घाई झाली होती, साबण डोळ्यात गेला म्हणून. चिनात्सु तिला पाणी ओतत होती. पुरुषांकडे इसामु बाहेर येऊन अंग पुसायला लागला. बायको होती तोवर, निघताना तो भिंतीवरून हाक मारायचा, म्हणजे दोघं एकदम बाहेर पडतील आणि कुणाला थंडीत थांबावं लागणार नाही. गेली सहा वर्षं तो न बोलता निघत असे. आज त्याने मान वर केली.

"निघतो गं!"

"थांबा की, माजं केस वलं हायेत!"

"केस कुठं हायेत तुला?"

तरी तो थांबला, आत नाही, बाहेर, पडद्यापलीकडे. मासुएला दाराच्या फटीतून त्याच्या लाकडी खडावा दिसत होत्या, थंडीने एकावर एक घासणाऱ्या. मग दुसरी दोन पावलं आली. जातील असं तिला वाटलं, पण दोघं तिथेच उभी राहिली आणि घड्याळ चुकलं होतं की बादली, यावर भांडायला लागली.