मोतीरावांचं घुंगरू

माणसांना अरे-तुरे आणि कुत्र्याला अहो-जाहो, अशी आमची आत्या. सख्खी कुणाचीच नाही, म्हणून साऱ्या गावाची. वेरूळच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. तिथं ती मेंढरं राखायची. "मुडद्या, पाणी प्यालास का?" हे माणसाला, "अहो, जेवून घ्या" हे मोतीरावांना.

मोतीराव साधं कुत्रं नव्हतं. आत्याची कुत्री डोंगरातल्या लांडग्यापासून गाभण राहिली होती. त्यातलं हे एकच पिल्लू जगलं. पाय लांब, डोळे पिवळे, आणि भुंकणं नाहीच. लोक म्हणाले, डोंगरात सोडून ये. आत्या खवळली. "डोंगरातले ह्यांना कुत्रं म्हणून फाडतील, तुम्ही लांडगा म्हणून. मग ह्यांनी जावं कुठं रं?"

शेवटी तिनं त्याच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधला. घुंगरू वाजतंय तोवर मोतीराव कुत्रा, असं पारावर ठरलं. लई शहाणं गाव आमचं!

मी बजाजनगरला कंपनीत लागले. सुटीला गेले की मोतीराव छनछन करत येऊन पाय हुंगायचे. "वळखीची हाय ती, बसा तुम्ही," आत्या त्यांना सांगायची.

यंदा उन्हाळ्यात पट्ट्यानं त्यांची मान चिघळली. आत्याचा फोन आला. "पट्टा काढलाय बाई. हळद लावलीय. जखम भरली की घालते."

"बांधून ठेव गं."

"बांधलं की रडतात ते."

त्याच आठवड्यात गावच्या ग्रुपवर फोटो आला. काठ्या घेतलेले आमचेच गडी, पायाशी मेलेला लांडगा. खाली शाबासक्या. मी फोटो मोठा करून पाहिला. मानेवर पिवळीधमक हळद होती. तशीच गावाकडं निघाले.

गावी पोचले तेव्हा आत्या पट्टा मांडीवर घेऊन बसली होती. गडी माना खाली घालून उभे. एकजण कसाबसा म्हणाला, "आत्या, घुंगरू वाजलं नाय. आम्हाला लांडगाच वाटला."

मला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार. पण नाही.

"व्हय हो, लांडगाच व्हता," आत्या म्हणाली. "पण लांडग्याला हळद कोण लावतं, तेवढं सांगा."

जन्मात पहिल्यांदा ती माणसांना अहो म्हणाली. तेव्हापासून साऱ्या गावाला तसंच बोलते. तेच गडी एखादी शिवी ऐकायला मिळावी म्हणून तिच्या ओट्यापाशी घुटमळतात. "या हो, बसा," ती म्हणते.

परवा मलाही म्हणाली.