कोण आलं नाही?

भरतीबाईंना मी धड बसलेलं कधी पाहिलं नाही. जव्हारच्या आमच्या घरी आईने पाट मांडला की "बसते हो" म्हणायच्या आणि कपबशी हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या. त्यांच्यामागे बोलत फिरून माझ्या पोटऱ्या भरून येत. मला त्या फार आवडायच्या, आणि वैतागही तितकाच यायचा.

हे नाव आमच्या डोंगरातल्या पोशेरा गावच्या लोकांनी ठेवलेलं. नव्वदच्या दशकात खाली ठाण्याकडच्या खाडीच्या भरती-ओहोटीवर वीज करता येईल का, याचा अभ्यास चालला होता आणि त्यातल्या माणसांची मोट बांधायचं काम बाईंकडे होतं. इंजिनियर, मासळीचे अभ्यासक, होडीवाले, सरकारी अधिकारी; एकाचं बोलणं दुसऱ्याला कळायचं नाही आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटायचं. बैठक सुरू होताना बाई दाराकडे बघून विचारायच्या, "कोण आलं नाही?" सगळे हजर असले तरी विचारायच्या. इंजिनियरसाहेब एकदा चिडून म्हणाले, "आता माशांना बोलावू का?"

मग एका ओहोटीला बाईंनी खाडीत रेती काढणारी माणसं पाहिली. बादली घेऊन तळाशी डुबी मारायची, वर येऊन होडीत ओतायची, पुन्हा डुबी. गाव विचारलं तर कुणी पोशेऱ्याचं, कुणी सूर्यमाळचं. विजेसाठी खाडीच्या तोंडावर भिंत झाली असती तर पाणी अडून यांचं काम गेलं असतं, आणि यांनाच कुणी बोलावलं नव्हतं. भातलावणीला ही माणसं घरी परतली, तशा बाई घाट चढून आल्या आणि गावबोली समजते म्हणून त्यांनी मला धरलं.

"डोंगरात कसली आलीय भरती?" मी हसलो.

"इथल्या चुली तिच्यावर पेटतात," त्या फणकारल्या. "चल लवकर."

पुढची बैठक त्यांनी हट्टाने पोशेऱ्यातच घेतली. अहवालाची मुदत डोक्यावर आलेली. इंजिनियरसाहेब धुसफुसत, चिखल तुडवत पोचले. डुबी मारणाऱ्या काळूची बायको उभी राहिली. "भित घातलास तं दिवालीनंतर आमी कठं जावाचा? आमाला कोनी इचारला नाय."

"वीज तुमच्या घरातही येईल," साहेब म्हणाले.

"तिच्या उजेडात रिकामा टोप बघू?"

 बाई जिंकल्यासारख्या हसल्या नाहीत. "आता दोघं बोला," म्हणाल्या आणि पडवीत येरझारा घालू लागल्या. बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं. मुदत वाढवून मागितली ती साहेबांनीच, आणि डुबीवाल्यांचं म्हणणं अहवालात गेलं. भिंत काही झाली नाही. त्यांच्या म्हणण्यामुळे की दुसऱ्याच कशामुळे, मला ठाऊक नाही. अभ्यास गुंडाळला गेला आणि बाई दुसरीकडे गेल्या. जाताना एसटीच्या दारात उभ्या राहून ओरडल्या, "कोण राहिलं ते बघत जा रे!"

काही वर्षांनी त्या वारल्या. ठाण्यात शोकसभा होती, हिवाळ्यातली. सगळे आले होते, आणि मी आपला दाराकडे बघत होतो. पोशेऱ्याची माणसं तेव्हा खाडीवर असणार. मला बसवेना. उठलो, तर साहेबही काठी टेकत मागोमाग निघाले.

खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. काळू बादली घेऊन पाण्यात उतरत होता. मी हाक मारली, बाई गेल्याचं सांगितलं. त्याने बादली होडीत ठेवली आणि काठावर आला.

"मना कोनी सांगला नाय," तो म्हणाला.

"तेच सांगायला आलोय," साहेब म्हणाले.