नऊ वाजताची भरती

अन्याय झाला तो रेवसच्या खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातल्या एका मुलीवर. १९५८ सालच्या नोव्हेंबरातला शेवटचा रविवार, सकाळचे नऊ. करणारे तिघं: आमच्या शाळेचे हेडमास्तर, शाळेची रीत आणि मी. पहिल्या दोघांविरुद्ध मी पुष्कळ पत्रकं लिहिली आणि बाजारात उभी राहून वाटली. तिसरीबद्दल आज लिहिते.

आम्ही दोघी अकरावीत, शाळेच्या शेवटच्या वर्षात होतो. रीत अशी, की मुलग्यांनी बीजगणित-भूमिती घ्यायची आणि मुलींनी साधं अंकगणित. मुलींना पुढे घरच चालवायचं ना, मग बेरीज-वजाबाकी आली म्हणजे झालं! गणिताचे सर घाटावरून नवे आलेले. त्यांना ही रीत पटेना. दिवाळीपर्यंत त्यांनी आम्हा दोघींना मुलग्यांच्या मागच्या बाकावर बसवून बीजगणित-भूमिती शिकवली. मग बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली आणि हेडमास्तर अडले. सर भांडले तेव्हा त्यांनी तोड काढली, की एकीला घ्या. दोघी बसल्या तर गावात बोभाटा होईल, एकटीकडे लोक काणाडोळा करतील. कोण ते सरांनी परीक्षा घेऊन ठरवावं.

आता खरं सांगते. ती मला डोळ्यांसमोर नको होती. माझी वही रबराने खोडून खोडून फाटायला आलेली, तिच्याकडे रबरच नव्हतं. तिला ते लागायचंच नाही. मी 'पक्ष', 'साध्य' असे मथळे आखून, खाली रेघ मारून बसायची, तोवर तिची सिद्धता संपलेली असे. एकदा माझ्या पानभर सिद्धतेपुढे तिने चार ओळी ठेवल्या. सरांनी तिची वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली. माझ्या वहीवर नुसती बरोबरची खूण केली. त्या खुणेवर मी किती दिवस जळले! वर्गातल्या मुली तिच्या दप्तराला सुक्या बोंबलांचा वास येतो म्हणून नाक मुरडायच्या. मी मुरडत नसे, पण त्यांना थांबवतही नसे. तिच्या वाट्याला निदान एवढं तरी वाईट यावं, असं मला वाटायचं.

शुक्रवारी ती आली नव्हती. सरांनी मला थांबवलं. म्हणाले, "तिला खाडी ओलांडून यायचंय. रविवारी भरती किती वाजता? तीच वेळ ठेवू."

आमच्याकडे शेंबडं पोरही हे सांगेल. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. रविवारी संकष्टी, म्हणजे चतुर्थी. हे मला पंचांग न बघता ठाऊक, कारण आमच्या घरी उपास असतो. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, म्हणजे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी.

मी म्हटलं, "नऊ वाजता, सर."

त्यांनी विश्वास ठेवला. शनिवारी तरीवाल्याकडे चिठ्ठी दिली. तिला ती रविवारी सकाळी मिळाली, तोवर पाणी पार उतरलं होतं. होडी काठापासून लांबच रुतली, आणि ती तिथून चिखलातून चालत आली.

मी नऊला पेपर घेतला, दहाला दिला. हेडमास्तर स्वतः दारात उभे होते. ती साडेदहाला पोचली, कमरेपर्यंत चिखल, वही डोक्यावर धरलेली. सरांनी तिला बसू द्या म्हणून विनवलं. हेडमास्तर म्हणाले, जिला वेळेचं गणित जमत नाही तिला उच्च गणित कशाला हवं? त्यांनी फॉर्मवर तिच्या नावापुढे अंकगणित लिहिलं.

विहिरीवर ती पाय धूत होती. मी पाणी ओतत होते आणि मला रडू आलं. तिला वाटलं, मी तिच्यासाठीच रडतेय.

"सर घाटावरचं मानूस गो," ती म्हणाली. "त्यांना पान्याचं काय ठावं हाय? तू नको रडू, बाय."

खरं मी तेव्हाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फॉर्म फिरवता आला असता, शाई ओलीच होती. मी घरी गेले, चंद्र बघून उपास सोडला आणि मोदक खाल्ले.

मी बीजगणित-भूमितीत पास झाले. कॉलेजात गेले, तिथे सभा आणि पत्रकं शिकले. ती अंकगणितात पहिली आली, पण त्यावर सायन्सला कोण घेणार? आता धक्क्यावर मासळीच्या टोपलीपाशी बसते. मागच्या महिन्यात मी तिला सगळं सांगितलं. तिने कोयता खाली ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. मी माफी मागितली होती. ती मला मिळाली नाही आणि मिळू नये.

पण एक जागा आणि दोन मुली हा हिशेब माझा नव्हता. तो हेडमास्तरांनी मांडला, आणि अजून गावोगाव तोच मांडला जातोय. तुम्ही हे वाचताय, तुमच्या गावात शाळा आहे. फॉर्म भरायचे दिवस आलेत. उद्या सकाळी उठा, शाळेत जा, हेडमास्तरांना फॉर्म काढायला लावा आणि बीजगणित-भूमितीपुढे किती मुलींची नावं आहेत ती मोजा. जिला हवं आहे तिचं प्रत्येकीचं नाव तिथे लिहिलं जाईपर्यंत त्यांच्या खोलीतून हलू नका.