या वयात भरती!

समुद्राचं पाणी वाढते, हे मले वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तेही समुद्रात बसल्यावर!

आमचा अमोल कोकणातल्या एका गावात बँकेत आहे, एकटाच राहते. बायको गेल्यापासून मीही अमरावतीले एकटाच. दिवाळीले म्हणून त्यानं मले नेलं अन् मंग परत जाऊच देईना. "तिकडे कोण हाये तुमचं?" म्हणे. (कोणीच नाही. पण असं तोंडावर म्हणावं का?) मी रोज भांडलो. शेवटी वैतागून म्हणाला, "उद्या एकटे समुद्रावर जाऊन या. काही घोळ न घालता परत आले, तं अमरावतीचं तिकीट काढतो."

एवढंच ना! वलगावच्या शाळेत तीस वर्षं पोट्टे सांभाळले म्या, मले समुद्र काय जड हाये?

सकाळी गेलो. कार्तिकातली कोवळी थंडी, वारा नाही, पाणी चिडीचूप. बरंच आत एक खडक उघडा पडला होता, त्याच्यावर सीगल बसले होते. चालत गेलो अन् पाहत बसलो. एक सीगल सगळ्यांपासून बाजूला उभा होता. त्याले म्हटलं, "काहून बापा, तुहंही कोणी नाही का?" त्यानं मान वळवली. मंग काय, मी सुरूच झालो! रिकाम्या घरात अजूनही दोन कप चहा मांडतो, तेही सांगून टाकलं. ते मी अमोललेही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात खडकाले चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढणारी एक बाई टोपली उचलून निघाली. "आजोबा, उठा! भरती सुरू झाली."

"पोलिसाची का?" (आमच्याकडे भरती म्हणजे तेच! पोट्टे पहाटेपासून रस्त्यानं धावत असतात.) "वयाची अट काय हाये?"

"अट कसली? आली की सगळ्यांना घेते!"

"अरे वा! आमच्याकडे तं येतच नाही, अन् आली तं कोणाले घेत नाही!"

बाई कपाळाले हात लावून गेली.

थोड्या वेळानं माही चप्पल तरंगत निघाली. तरी मी बसलेलोच. आमच्या धरणाचं पाणी दरवाजे उघडल्याशिवाय हालत नाही, अन् उघडायच्या आधी भोंगा वाजते. इथं भोंगाच नाही! मागं पाहिलं तं किनाऱ्यापर्यंत सगळं पाणीच पाणी. सीगल उडाले. माहा तो दोस्तही गेला. एवढं सगळं ऐकून घेतलं, अन् जाताना वळूनही पाहिलं नाही लेकानं! लय वाईट वाटलं.

फोन केला तं तिकीट जाते, नाही केला तं मी जातो! तेवढ्यात अमोलचाच फोन.

"बाबा, ठीक ना?"

"एकदम! पक्षी पाहून राहिलो."

"पाण्याचा आवाज काहून एवढा येऊन राहिला?"

"समुद्र हाये ना बे तो! चूप बसते का?"

अन् नेमका त्या बाईनं धाडलेला तिचा नवरा होडीतून ओरडला, "आजोबा, हलू नका! आलोच!"

झालं!

त्यानं मले पोत्यासारखं उचलून होडीत टाकलं. किनाऱ्यावर अर्धा गाव जमला होता, अन् अमोल बँकेच्या कपड्यात गुडघाभर पाण्यात उभा. आता हा चांगलाच झापते, म्हटलं. तं त्यानं मले घट्ट धरलं अन् रडायलेच लागला. "अमरावती-बिमरावती काही नाही आता. इथंच राहा. मले तरी कोण हाये इथं?"

दिवसभर मी तोंड पाडून बसलो. एवढं भांडल्यावर लगेच हो म्हणणं बरं दिसते का? पण हसू दाबता दाबता जबडा असा दुखून आला, की संध्याकाळी अमोलनं दातदुखीची गोळी आणली, अन् म्या ती मुकाट्यानं गिळली!