माझ्यासाठी तोडलेली बाभूळ

नसांच्या आजारानं मी डोक्यापासून पायापर्यंत लुळा पडलो होतो. जालन्याच्या दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, श्वास मशीन देत होतं. पापण्याही उघडत नव्हत्या. कान मात्र शाबूत होते, आणि हे माझ्या चुलतभावाला ठाऊक नव्हतं.

वाटूरला आमच्या भावकीत कोणी गेलं की तिरडीपासून सावडण्यापर्यंत त्याचाच हुकूम चालतो. माझ्या पलंगाशी उभा राहून तो माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, दादाचं आता काही खरं न्हाई. पावसाचे दिवस हाएत, ओलं लाकूड पेटत न्हाई. म्हणून दादाच्या बांधावरली बाभूळ तोडून पत्र्याखाली वाळायला टाकली. ऐन टायमाला धावपळ नको."

बायको रडली. मला तेही जमेना. ती बाभूळ मी शेळ्यांपासून राखून वाढवली होती. तिथंच ठरवलं, मरायचं नाही. जगण्याची हौस म्हणून नव्हे, याचा बेत बुडवायचा म्हणून.

फिजिओथेरपीवाली मुलगी आष्टीची होती. ती सांगायची, मशीनचा आयता श्वास मिळाला की छातीखालचा पडदा बसून खातो आणि दुबळा होतो. दिवसातून दोनदा ती मशीन काढून नळीला स्प्रिंगची एक छोटी डबी लावायची. जोर लावून ओढलं तरच हवा आत यायची. सहा श्वास, मग मशीनवर विसावा, पुन्हा सहा. जमलं की दुसऱ्या दिवशी ती स्प्रिंग आणखी आवळायची. पहिल्यांदा चौथ्याच श्वासाला डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग मी मनातल्या मनात एका श्वासाला कुऱ्हाडीचा एक घाव घालू लागलो, भावाच्या तंगडीवर.

"काका, हे पाहुणे आले की तुम्ही बराबर जोरात ओढता," ती एकदा म्हणाली. "रोज बोलवू का त्यांना?"

तोवर पापण्या हलू लागल्या होत्या. मी त्या मिटून हो म्हटलं.

तो रोज बसनं यायचा, माझा हात धरायचा आणि गावात सांगायचा, "दादा माझ्याच जिवावर श्वास घेऊन राह्यलाय." हे खोटं नव्हतं, म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मशीन सुटलं. हवा घशातून जावी म्हणून नळीच्या तोंडावर बोट ठेवून ती फिजिओथेरपीवाली म्हणाली, "काका, आता बोला." बायको आशेनं वाकली. मी तिच्या खांद्यावरून भावाकडं बघत म्हणालो, "बाभूळ."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. इतका गार वारा माझ्या छातीत कधी शिरला नव्हता.

घरी आल्यावर ती लाकडं त्याच्याच हातानं माझ्या दारात रचून घेतली. रोज सकाळी त्यांच्यावर पाणी तापवून मी अंघोळ करतो, आणि तो समोरच्या ओट्यावरून धूर बघतो. माफ केलेलं नाही, करणारही नाही. बुंध्याचा जाड ओंडका तेवढा बाजूला ठेवलाय.

परवा त्यानं विचारलं, "दादा, हा फोडायचा राह्यला का?"

"राहू दे," मी म्हणालो. "तुझ्यासाठी वाळून राह्यलाय. ऐन टायमाला धावपळ नको."