लिऑनच्या गाडीतली रिकामी जागा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कधी आमच्या घरी चहाला येणार नाही.

मी जर्मनीत शिकत होते. गेल्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले. खामगावच्या जिनिंगमध्ये जन्मभर कापूस जोखलेला माणूस; हौस एकच — आगगाडी. म्हणून आम्ही लिस्बनहून वॉर्साला निघालो, सात गाड्या बदलत.

गाडी बदलणं खामगावच्या माणसाला नवीन नाही. लांब कुठे जायचं तर आधी जलंब जंक्शनला उतरायचं, आणि मोठी गाडी आली की खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा आत टाकून जागा धरायची. ज्याचा दुपट्टा, त्याची जागा. इथे आपल्या जागा ठरलेल्या असतात, हे मी बाबांना दर स्टेशनावर सांगायचे. ते मान हलवायचे. पण गाडी दिसली की पाय ऐकतात का?

फ्रान्समध्ये लिऑनला ते माझ्याआधी चढले — भलत्याच डब्यात. दोन जागांवर दुपट्टा पसरून ओरडले, "ये वं लवकर! खिडकी भेटली!"

त्या जागा एका जोडप्याच्या होत्या. बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "एसटी समजलेत की काय हे!"

मराठी ऐकून बाबांचा चेहरा खुलला. "अरे वा, आपलेच निंगाले! कोन्या गावचे जी? अन् थे पाहा, माही पोरगी."

बाईने माझ्याकडे पाहिलं. इंग्रजीत विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का?

मी — मी 'नो' म्हणाले.

आणि पुढे चालत गेले. बाबांना इंग्रजी येत नाही. पण तेवढा शब्द कोणाला कळत नाही? मागे त्यांचा आवाज ऐकू आला, "चुकलो जी. माही पोरगी मांगून येऊन राह्यली."

म्हणजे त्यांनी मला सांभाळून घेतलं. तिथल्या तिथे.

आमच्या जागा पुढच्या डब्यात होत्या. बाबा मधल्या दाराशी उभे राहिले. काचेतून दिसत होते — दोन तास. माझ्या शेजारची जागा रिकामी. उठून हाक मारायला किती वेळ लागतो? मी पुस्तकाची पानं उलटत राहिले. ते जोडपं उतरलं की बोलावू, असं ठरवलं होतं. ते उतरलंच नाही.

उतरल्यावर बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. "आता कोनता फलाट, माय?" एवढंच विचारलं. मात्र त्यानंतरच्या प्रत्येक गाडीला ते फलाटावर थांबायचे. मी आत जाऊन बसायचे, खूण करायचे, मग ते यायचे.

परवा खामगावला शेजारच्या काकांनी त्यांना विचारलं, भाषा येत नसताना तिकडे निभावलं कसं? बाबा म्हणाले, "मले काय लागते? सात गाड्या बदलल्या, पन पोरीनं माहा हात नाही सोडला."

काका कौतुकाने माझ्याकडे पाहत होते. मी मान खाली घातली. "लाजाळूच हाय पोरगी," काका म्हणाले.

मी त्यांना तसंच समजू दिलं.